तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या टीव्हीवर पिक्चर मालिकेसारखा का दिसतो?

बडोद्यात नवरात्र उरकलं की घराघरांत नवे टीव्ही भिंतीवर चढतात, आणि आठवडाभरात प्रश्न येतोच. ‘पंचावन्न इंची घेतला, चित्र आरशासारखं लख्ख आहे, पण पिक्चर लावला की पिक्चर वाटत नाही. शूटिंग चालू असताना बाजूला उभं राहून बघतोय असं वाटतं, नाहीतर सासू-सुनेची मालिका. संच खराब आला का?’

संच चांगला आहे. त्यात हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय (इंग्रजीत ‘मोशन स्मूदिंग’) चालू राहिली आहे, इतकंच. बहुतेक जण मात्र दोष एचडीला देतात आणि ‘फारच क्लिअर आहे’ म्हणून ब्राइटनेस कमी करत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पडद्यावर ठिपके किती हा एक मामला, आणि सेकंदाला चित्रं किती हा दुसरा. तक्रार बहुधा दुसऱ्याची असते.

सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. हा आकडा डोळ्यांची परीक्षा घेऊन ठरलेला नाही. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांचा कॅमेराही तसलाच. वेग कधी 16, कधी 20, हाताच्या मर्जीवर. 1920 चं दशक संपता संपता बोलपट आला, आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच छापली जाऊ लागली, आणि वेग हलला की सूर हलणार हे उघड झालं. वेग कमी ठेवावा तर आवाज दबका, वाढवावा तर फिल्मचा खर्च. 24 वर सौदा पटला : मिनिटाला 90 फूट, म्हणजे हजार फुटांचं रीळ जेमतेम 11 मिनिटांत खलास.

यातलं प्रत्येक चित्र साधारण 1/48 सेकंद शटर उघडं ठेवून टिपलेलं असतं. (आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडात छायालेखक शटरच्या फिरत्या तबकडीची फट 180 ऐवजी 172.8 अंशांची करतात. मग 1/50 सेकंद मिळतो आणि दिवे लुकलुकत नाहीत.) तेवढ्या वेळात जे हललं त्याची फरफट चित्रात उमटते. पिक्चरमधला गरबा घ्या आणि एकेक चित्र थांबवून बघा. गिरकी घेणाऱ्या घागऱ्याच्या घेरावरचे आरसे एका चित्रात ओघळलेली पांढरी रेघ झालेले असतात. पुढच्या चित्रात तीच रेघ वीतभर पुढे. मधलं काही टिपलेलंच नाही, ते बघणाऱ्याने भरायचं. पिक्चरला जो थोडा स्वप्नासारखा, रोजच्या जगापासून सुटलेला गुण असतो, तो बराचसा या गाळलेल्या जागांत आहे.

टीव्हीची गोष्ट वेगळी. दूरदर्शनच्या दिवसांपासून बातम्या, क्रिकेट आणि व्हिडिओवर काढलेल्या मालिका आपण सेकंदाला 50 वेळा बदलणाऱ्या चित्राने पाहिल्या, प्रत्येक वेळी अर्ध्या ओळी का असेनात. हालचाल अशी गुळगुळीत दिसली की मन ती ‘आत्ता, इथे’ चाललेली धरतं. मॅचला ते हवंच. पिक्चरमधल्या मुघल दरबाराला नको, कारण दरबाराच्या जागी प्लायवूड दिसू लागतं.

नवा संच हेच करतो. दोन खऱ्या चित्रांची तो छोट्या चौकोनांत वाटणी करतो, कुठला चौकोन कुठे सरकला याचा अंदाज बांधतो आणि मधली चित्रं स्वतः रचतो. 24 चे 60 करायचे तर दर सेकंदाला निदान 36 चित्रं बनावट, 120 करायचे तर 96. अंदाज चुकतो तो ठरावीक जागी. फिरत्या पंख्याची पाती तुटतात. खिडकीच्या जाळीमागून माणूस चालत गेला की जाळी लाटेसारखी हलते. चेहऱ्यासमोरून हात गेला तर हाताभोवती पाणी थरथरल्यासारखं वलय दिसतं, कारण हाताआड काय होतं हे संचाला ठाऊक नसतं. टिपऱ्या एकमेकींवर आदळतात तिथे त्यांची टोकं विरघळतात. आणि फारच गोंधळ उडाला की संच क्षणभर हात टेकतो, तेव्हा गुळगुळीत चाललेलं दृश्य मध्येच अडखळतं.

पण सगळा दोष बनावट चित्रांचा नाही. 2012 मध्ये ‘द हॉबिट’ हा चित्रपट खरोखर 48 चित्रांच्या वेगाने काढला. त्यात एकही चित्र रचलेलं नव्हतं, तरी ‘सेट सेटसारखा दिसतो’ ही ओरड झालीच. आंग ली यांनी 2016 मध्ये 120 वर प्रयोग केला, त्यालाही तेच ऐकावं लागलं. जेम्स कॅमेरॉन यांनी 2022 च्या ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’मध्ये शहाणपण केलं : पाण्याखालच्या धावपळीला 48, बोलण्याच्या प्रसंगांना 24. आमच्या मते वेग वाढवण्यात पाप नाही, पण तो दिग्दर्शकाने ठरवावा, घरातल्या डब्याने नव्हे.

मग कंपन्या ही सोय देतात कशाला? तिला कारण आहे. थिएटरचा जुना प्रोजेक्टर प्रत्येक चित्र दोनदा झपकवायचा, मध्ये काळोख. आजचे एलसीडी आणि ओएलईडी पडदे चित्र धरून ठेवतात, डोळा मात्र हलत्या वस्तूमागे सरकत राहतो, म्हणून धूसर दिसतं. शिवाय 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र ताजं करणाऱ्या पॅनेलवर 24 चित्रं समान वाटून बसत नाहीत. एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं लंगडत दाखवावं लागतं. कॅमेरा राजवाड्याच्या दर्शनी भागावरून हळू सरकताना जे ठेचाळणं दिसतं, ते बरंचसं हेच. 120 च्या पॅनेलवर प्रत्येक चित्र नीट पाच वेळा बसतं.

आता उपाय. सेटिंगमध्ये ‘पिक्चर’, मग ‘अॅडव्हान्स्ड’ किंवा तत्सम नावाची ओळ. सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ (जुन्या संचांत ‘ऑटो मोशन प्लस’), एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, इतर बऱ्याच संचांत ‘एमईएमसी’. ते बंद करा. सोनीत ‘सिनेमोशन’ नावाची वेगळी ओळ असते, ती मूळ 24 चित्रं ओळखायला आहे, तिला हात लावू नका. ओएलईडीवर सगळं बंद केल्यावर हळू सरकणारी दृश्यं टोचू लागली, तर ठेचाळणं कमी करणारी ‘डी-जडर’ किंवा ‘स्मूदनेस’ ही ओळ अगदी खालच्या पायरीवर ठेवायला हरकत नाही. ‘फिल्ममेकर मोड’ (दिग्दर्शकाने काढलं तसं चित्र दाखवणारा) असेल तर उत्तमच. 2019 मध्ये तो जाहीर झाला तो याच कटकटीवर, आणि एका बटणात बरंच काम होतं.

लोक फसतात ते इथे : हे सेटिंग बऱ्याच संचांत प्रत्येक इनपुटचं वेगळं असतं. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलं तरी टीव्हीतल्या अॅपमध्ये चालूच राहतं, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेला) चित्रपट सुरू झाला की तिसरीच यादी उघडते. पिक्चर चालू ठेवून त्या-त्या ठिकाणी जाऊन बंद करावं लागतं. टीव्हीला स्ट्रीमिंगची स्टिक लावली असेल तर तिच्या सेटिंगमध्येही मूळ फ्रेम रेट (सेकंदाला चित्रं किती) जुळवण्याची ओळ शोधा. फायर टीव्हीत ती ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ या नावाने असते.

जाता जाता ‘व्हिव्हिड’ हा पिक्चर मोड सोडा, तो दुकानातल्या लखलखाटासाठी असतो. कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ करा. दोन-तीन दिवस पिवळट वाटेल, मग जुनंच निळं वाटू लागेल. शार्पनेस उतरवा (सोनीत मात्र मधला 50 हाच तटस्थ), नाहीतर माणसांच्या कडेला पांढरी किनार येते आणि विगची जाळी कपाळावर उठून दिसते. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद. जुन्या 35 मिमी पिक्चरचा बारीक रवा पुसला गेला की चेहरे मेणाचे होतात.

बंद केलं की खात्री करायला श्रेयनामावली नको, पंख्याचं किंवा नाचाचं दृश्य लावा. आणि घरात आजोबांना मॅच गुळगुळीतच आवडत असेल तर भांडू नका : सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर ते चालू ठेवा, पिक्चर बघता त्या अॅपवर बंद.