पी पफरसाठी गोगलगायींची पैदास: दोन मिलिमीटरचा प्रश्न

गोगलगायी वाढवायला काय लागतं? नको असतील तेव्हा काहीच लागत नाही. नव्या झाडाच्या पानाखाली चिकटून येतात आणि बघता बघता टँकभर होतात. गोगलगायी खाणारा पफर मासा पाळला की हिशोब उलटा होतो. टँकमध्ये एक गोगलगाय टिकत नाही, आणि टबात शेकड्यांनी असल्या तरी बहुतेक एकतर जास्त मोठ्या, नाहीतर भिंगाशिवाय दिसणार नाहीत इतक्या बारीक. मला हव्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून जराशा मोठ्या, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटरच्या, पातळ शंखाच्या. त्याही अधूनमधून नाही, कायम. सध्याचा सगळा खटाटोप या एका मापासाठी चालू आहे.

खाणारी मंडळी म्हणजे पी पफरचा एक छोटा गट. केरळच्या नद्यांमधला हा मासा पूर्ण वाढला तरी जेमतेम तीन सेंटिमीटरच्या आसपास. तोंडात चार दात, पण ते जुळून चोचीसारखे झालेले, आणि ही चोच आयुष्यभर वाढत राहते. मोठ्या जातीच्या पफरना कडक कवचाचं खाणं मिळालं नाही तर ती इतकी वाढते की खाता येईनासं होतं आणि मग कापावी लागते. पी पफरवर ती वेळ क्वचित येते. तरीही गोगलगाय द्यायचीच, कारण शिकार शोधणं, दबा धरणं हे सगळं त्याला त्यातूनच करायला मिळतं. नुसत्या गोठवलेल्या ब्लडवर्मवर (लाल अळ्यांवर) ठेवलेला पफर काचेवर वरखाली येरझाऱ्या घालत बसतो.

कोणती जात

मलेशियन ट्रम्पेट पैदाशीतून बाद. ही दिवसा वाळूत दडून असते, शंख जाड आणि टोकदार, वर तोंडाला झाकण. मासा जवळ आला की आत शिरून झाकण लावून मोकळी. लहान पफरने तिच्यावर जोर लावला तर दाताला इजा होण्याची भीती. मादी नराशिवायच थेट पिल्लं देते, त्यामुळे संख्येला तोटा नाही. पण माझ्या माशांना त्याचा उपयोग नाही. वाळू खालीवर करायला हवी असेल तर जरूर ठेवा.

उरल्या रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर स्नेल. दोघींचे टब वेगळे ठेवलेत.

ब्लॅडर स्नेलला लोक उगाच नाकं मुरडतात. खाद्य म्हणून माझ्या मते तिला तोड नाही. शंख इतका पातळ की उजेडात धरला तर आतली गोगलगाय दिसते, झाकण नाही, आणि वाढ झपाट्याने. उभयलिंगी तर आहेच, शिवाय जोडीदार नसेल तर स्वतःची अंडी स्वतःच फलित करू शकते. म्हणजे भांडवल म्हणून एक पुरते. ओळखायची असेल तर शंखाचं टोक वर आणि उघडी बाजू आपल्याकडे करून धरा. उघडं तोंड डावीकडे आलं तर तीच.

रॅम्सहॉर्न थोडी सावकाश वाढते, पण दिसायला सुंदर आणि अंगाने मांसल. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, आपल्यासारखंच. बहुतेक गोगलगायींचं रक्त तांब्यावर आधारलेल्या हिमोसायनिनचं असतं. गुलाबी रॅम्सहॉर्न गुलाबी दिसते ती याच लाल रक्तामुळे. अंगात काळा रंग नसला की आतला लाल बाहेर दिसतो. पफरला रंगाचं सोयरसुतक नाही. मला मात्र गुलाबी पिल्लं खाऊ घालताना हात आखडतो, हे खरं.

टब

दोन्ही उथळ प्लास्टिकचे टब. तळाला वाळू-खडे काही नाही, म्हणजे घाण दिसते आणि नळीने ओढून काढता येते. प्रत्येकात एक स्पंज फिल्टर, हळू हवेवर. पॉवर फिल्टर नको, बारीक पिल्लं आत ओढली जातात. स्पंजवर ती उलट चरत बसतात. वनस्पती म्हणून जावा मॉसचा एक पुंजका, थोडं हॉर्नवर्ट, बस. तापमान 24 ते 27 अंशांच्या दरम्यान. गरम पाण्यात वाढ जलद होते, पण पाणीही तितक्याच लवकर बिघडतं.

दोन टब ठेवण्याचं कारण फक्त दोन जाती हे नाही. ब्लॅडरच्या टबातली हवा एकदा रात्रभर बंद पडली. पंपाची नळी निसटली होती. सकाळी झाडून सगळ्या पाण्याच्या रेषेवर, काही तर पाण्याबाहेर. या दोन्ही जाती फुप्फुसाने श्वास घेतात, हवेला वर येतात, त्यामुळे गुदमरून मरण्याचा प्रश्न तितका नव्हता. फिल्टर थांबून पाणी खराब झालं होतं. तेव्हापासून टबाजवळून जाताना पहिली नजर पाण्याच्या रेषेकडे. एक-दोन वर आलेल्या असणं नेहमीचं. गर्दी दिसली की अमोनिया तपासायचा आणि पाणी बदलायचं.

अंडी आणि तारखा

खरी प्रगती इथे आहे. आधी सगळं एकाच टबात होतं: मोठ्या, मधल्या, पिल्लं, अंडी. तिथून हव्या मापाच्या वेचायच्या म्हणजे चिमटा घेऊन मान मोडायची. आता पातळ, गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या कापून पाण्यावर तरंगत्या ठेवतो. गोगलगायींना खालून चिकटायला असा पृष्ठभाग आवडतो आणि अंडी तिथेच घालतात. रॅम्सहॉर्नची अंडी चपट्या, गोलसर पारदर्शक जेलीत असतात. ब्लॅडरची लांबट, वळलेल्या जेलीत. पट्टी भरली की उचलायची, मार्करने तारीख टाकायची आणि पिल्लांच्या छोट्या डब्यात ठेवायची. टबात नवी पट्टी.

अंडी आठवडा ते दोन आठवड्यांत फुटतात, तापमानाप्रमाणे. तिथून दोन मिलिमीटरचं माप गाठायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणून डबे टप्प्याटप्प्याने चालवतो: एकात अंडी, एकात ठिपक्याएवढी पिल्लं, एकात देण्याजोगी. देण्याजोगा डबा रिकामा झाला की धुऊन पुन्हा अंड्यांसाठी. पूर्वी एका आठवड्यात सुकाळ आणि पुढच्यात दुष्काळ असायचा, तो बराच कमी झाला आहे.

भिंग असेल तर एकदा पट्टी उजेडात धरून बघाच. जेलीच्या आत प्रत्येक अंड्याची वेगळी गोल खोली असते आणि काही दिवसांचा गर्भ त्या खोलीत सावकाश गोल गोल फिरत असतो. अंगावरच्या सूक्ष्म केसांनी तो स्वतःला फिरवतो. पुढे शंखाचा पारदर्शक ठिपका दिसू लागतो आणि मग आत काहीतरी भराभर उडतंय असं वाटतं. ते हृदय. हे बघण्यात माझा किती वेळ गेला ते घरी विचारू नका.

शंख

पाणी मऊ असेल तर पैदास होते, पण शंख फसतात. आधी सर्वांत जुन्या भागावर, म्हणजे वेटोळ्याच्या मध्यावर, पांढरे खड्डे पडतात, मग कडा चुरते. पफरला पातळ शंख चालतो, पण सडका नको. तशी गोगलगाय आधीच अशक्त असते आणि अंडीही कमी घालते. पीएच 7 च्या खाली गेला की शंख विरघळायला लागतो, म्हणून 7.5 च्या आसपास ठेवतो आणि जीएच, म्हणजे पाण्याची कठीणता, 8 अंशांच्या वर.

त्यासाठी कटलबोनचा, म्हणजे कटलफिशच्या अंगातल्या चुनकट कवचाचा, तुकडा टबात. आधी तरंगतो, भिजला की बुडतो. अंड्याचं टरफल उकळून, आतला पापुद्रा काढून, चुरून टाकलं तरी चालतं. पाणी अल्कधर्मी असेल तर दोन्ही फार हळू विरघळतात, पण गोगलगायी खरवडून थेट खातात, त्यामुळे पोटातूनही कॅल्शियम जातं. कटलबोनवर त्यांच्या जिभेचे बारीक चरे उठलेले दिसतात. ते दिसले म्हणजे काम चालू आहे.

तांबं मात्र टबाच्या आसपासही नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची काही औषधं तांब्याची असतात. त्या टँकची जाळी, नळी, बादली गोगलगायींकडे वापरायची नाही. प्लॅनेरिया (टँकमधले चपटे कृमी) मारायला लोक फेनबेंडाझोल हे औषध वापरतात, तेही कित्येक गोगलगायींना बाधतं, त्यामुळे वेगळी भांडी बरी.

त्यांचं खाणं

वाफवलेला पालक, काकडीची चकती, माशांचे फ्लेक्स, स्पिरुलिनाची गोळी. नुसत्या पाल्यावरही जगतात, पण अंड्यांचा वेग प्रथिनांनी वाढतो, हे दोन टबांत सरळ दिसलं. ज्या टबात फ्लेक्स जास्त पडले तिथल्या पट्ट्या लवकर भरल्या. पाणीही तिथलंच लवकर गढूळ झालं. म्हणून फ्लेक्स चिमूटभर आणि पाला भरपूर, उरलेला पाला दुसऱ्या दिवशी बाहेर. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल, क्लोरीन काढलेल्या पाण्याने.

इथे एक मुद्दा चर्चेला ठेवतो. पफरच्या टँकमधून काढलेलं पाणी गोगलगायींना घालावं, फुकट जात नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. ब्लॅडर स्नेलच्या कुळावर या बाबतीत बराच अभ्यास झालेला आहे: शिकारी माशाचा आणि चिरडलेल्या भाईबंदांचा वास पाण्यात आला की त्या दडून बसतात, चरणं कमी करतात, आणि वाढत्या पिल्लांच्या शंखाचा आकारही चिरडायला अवघड होईल असा बदलू शकतो. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. मी ताजं पाणी घालतो. घरच्या टबात फरक मोजता येईल की नाही ते सांगत नाही, पण ज्या पाण्यात रोज गोगलगायी फोडल्या जातात ते पैदाशीच्या टबात ओतायचं मला काही कारण दिसत नाही.

पफरसमोर

काढायची पद्धत: रात्री देण्याजोग्या डब्यात काकडीची चकती सोडायची, सकाळी चकतीसकट उचलायची. चिकटलेल्या स्वच्छ पाण्यात झटकून घ्यायच्या आणि थोड्या थोड्या, वेगवेगळ्या कोपऱ्यांत सोडायच्या. सगळ्या एका जागी टाकल्या तर दांडगा मासा एकटाच फस्त करतो आणि बाकीचे मार खातात.

मग बघण्यासारखं असतं. पफर लगेच तुटून पडत नाही. थोडं अंतर ठेवून पाण्यात स्थिर होतो, शेपटी एका बाजूला वळलेली, एक डोळा गोगलगायीवर आणि दुसरा स्वतंत्रपणे भलतीकडे. गोगलगाय पाय बाहेर काढून चालायला लागली, शिंगं लांबवली, की एक झटका. बारीक असेल तर शंखासकट फोडतो, कचकन. मोठी असेल तर मऊ भाग धरून ओढतो आणि शंख तसाच सोडून देतो. ब्लॅडर स्नेल कधी कधी शंख जोरजोरात हलवून सुटायचा प्रयत्न करते आणि एखादीला ते साधतंही. रिकामे शंख मी काढत नाही, फक्त आत मांस राहिलेला दिसला तर उचलतो.

पोट गोल दिसलं की थांबायचं. पफर कधीच पुरे म्हणत नाही. मधल्या दिवशी डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) किंवा ब्लडवर्म, कारण एकाच खाण्यावर कुठलाच मासा ठेवू नये.

बाहेरच्या गोगलगायी

तळ्यातून, ओढ्यातून आणलेल्या थेट खाऊ घालू नका. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी अनेक चपट्या परजीवी कृमींच्या मधल्या यजमान असतात. त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या अळ्या माशात शिरतात, आणि काहींनी माणसाच्या कातडीवरही खाज उठते. जळवा वेगळ्याच. यावरचा मार्ग पैदाशीतच आहे. या कृमी आईकडून अंड्यात उतरत नाहीत. बाहेरच्या गोगलगायीने अंडी घातली की अंड्यांची जेली तेवढी उचलायची, स्वच्छ पाण्यात हलवून घ्यायची आणि वेगळ्या डब्यात फोडायची. आईला मूळ टबात आणायचं नाही. पहिल्या पिढीपासून माल स्वच्छ.

जास्त झालेल्या कुठेही सोडून देऊ नका, गटारात तर नाहीच. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि मग कचऱ्यात. मोठ्या रॅम्सहॉर्न लोच मासे पाळणाऱ्यांना देऊन टाकल्या तर दुवा मिळतो. झेब्रा लोच शंखातून ओढून खाण्यात वाकबगार.

सध्या

ब्लॅडरचा टब जोरात, पट्ट्या वेळेवर भरतात. रॅम्सहॉर्नकडे अंडी आहेत, पण मधल्या मापाची पिल्लं कमी पडतात. डब्यात गर्दी झाली की वाढ खुंटते असं दिसतंय. म्हणून एक पट्टी आता कापून दोन डब्यांत वाटली आहे, दोन्हीकडे खाणं सारखं आणि पाणी बदलही सारखा. कमी गर्दीच्या डब्यातली आधी मापाला आली तर पुढच्या सगळ्या पट्ट्या तशाच कापणार. कुणी रॅम्सहॉर्नची पिल्लं दाटीत वाढवली असतील तर एका लिटरला किती ठेवता ते सांगा.