सराफ्यातली सागवानी दुकानं

इंदूरच्या सराफ्यात लोक रात्री जातात, भुट्ट्याचा कीस खायला. मी म्हणते, एकदा दुपारी जा आणि पाट्यांच्या वर बघा. फ्लेक्स आणि तारांच्या गुंत्यामागे काही जुन्या दुकानांचे सागवानी सज्जे अजून शाबूत आहेत.

अशाच एका दुकानाच्या मालकांनी मला बोलावलं. मी स्ट्रक्चरल इंजिनीअर, आणि काका माझ्या बाबांचे जुने स्नेही. म्हणाले, "ताई, लाकूडच ते, केव्हा पेटेल सांगता येत नाही. सगळ्या तुळया काढून लोखंडी गर्डर टाकू या."

तुळयांना हात लावण्याआधी हे दुकान उभं कशावर आहे ते बघायला हवं. भिंतींवर नाही. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडं, वर पाट म्हणजे फळ्यांची जमीन. विटा नुसत्या खांबांमधली पोकळी भरतात. म्हणूनच रस्त्याकडची बाजू पूर्ण उघडी ठेवता यायची. दोन खांबांमधला खण म्हणजे दुकानाचं तोंड, रात्री खाचेत फळ्या सरकवल्या की बंद. सज्जाही वेगळा जोडलेला नाही, माडीच्याच कड्या दोन हात बाहेर काढल्या आहेत. बाहेरच्या टोकावर वजन आलं की खोलीच्या मधोमध कडी कमी वाकते. तराजूचाच न्याय. काकांच्या दुकानात पाटीसाठी अर्धा सज्जा कापला गेला, आणि माडीची जमीन नेमकी त्याच अर्ध्या भागात खचली आहे. तिथे गोटी ठेवली तर ती मधोमध घरंगळत येते.

खरं दुखणं मात्र खाली होतं. पूर्वी प्रत्येक खांब उथळ्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर उभा करत, ओल लाकडापर्यंत चढू नये म्हणून. पुढे फरशीवर फरशी चढत गेली, उथळं गाडलं गेलं आणि खांबाला सिमेंटचा गिलावा झाला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडून ठेवतं. गिलावा फोडायला लावला. छातीच्या उंचीवर लाकूड इतकं टणक की पटाशी खणखणली. तळाशी स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. सागाला वय झालं म्हणून हे झालेलं नाही, कोंडलेल्या ओलीने झालंय.

यावर काकांनी राजवाड्याचा दाखला दिला, इंदूरच्या होळकरांच्या वाड्याचा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने जाळला, 1984 च्या आगीत मागचा भाग गेला. त्यांची भीती खोटी नाही. कठडे, पाट, पातळ फळ्या भराभर पेटतात. पण जाड तुळई वरून जळते आणि तिच्याच कोळशाच्या थरामुळे आतलं लाकूड बराच वेळ वाचतं. आग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर आत शिरते. फूटभर जाडीची तुळई तासाभरात उघड्या बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर गमावेल, तरी भार पेलत राहील. उघडा लोखंडी गर्डर साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद घालवून बसतो आणि वाकतो. दुकानाला आग लागली तर मला डोक्यावर सागाची तुळई असलेली चालेल.

मग ठरलं ते असं. तुळया राहतील. माडीला जॅक लावून खांबाचा सडलेला तळ कापायचा, पक्क्या सागाचा तुकडा खाच-कुसू करून (एकात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारं टोक) जोडायचा, उथळं फरशीच्या वर आणायचं आणि गिलावा चुन्याचा. गर्डरचे पैसे आधी वायरिंगला, कारण उघड्या तारा थेट पाटांना चिकटून गेल्यात. ओट्यावर रात्री लागणारी चाटवाल्याची भट्टीही सज्जाखालून बाहेर काढायची.

भट्टीला काका लगेच हो म्हणाले. पाटी लहान करायला अजून तयार नाहीत. नवी पाटी आणखी रुंद हवी आहे आणि तिच्यासाठी उरलेला सज्जाही कापायचा त्यांच्या मनात आहे. मिस्त्रीला मी सांगून ठेवलंय की मी आल्याशिवाय करवत लावू नका, आणि रविवारी काकांना माडीवर नेऊन ती गोटी त्यांच्याच हाताने ठेवायला लावणार आहे.