वईचा निवडुंग

माझ्या गॅलरीत सध्या त्रेचाळीस कुंड्या आहेत आणि त्यातल्या एकाही झाडाचा स्वयंपाकाला, पूजेला किंवा गजऱ्याला उपयोग नाही. कढीपत्ता होता, तो कोपऱ्यात सरकत सरकत शेवटी शेजारच्या काकूंकडे गेला. आता आमटीच्या वेळी वाटी घेऊन मीच त्यांच्या दारात उभी राहते. पाहुणे गॅलरीत डोकावले की म्हणतात, "वा, कॅक्टसची आवड दिसते!" आधी मी लगेच दुरुस्ती करायचे, "कॅक्टस नाहीत हो, युफोर्बिया आहेत." मग फरक समजावून सांगणं ओघानं यायचं आणि पाहुण्यांचा चहा निवून जायचा. आता मी नुसतं "हो" म्हणते.

पण इथे चहा निवण्याची भीती नाही, म्हणून सांगून टाकते. कॅक्टसचं घराणं अमेरिकेतलं. युफोर्बियाच्या दोन हजारांच्या आसपास जाती जगभर पसरल्या आहेत, आणि त्यातल्या जाड्या, काटेरी, पाणी साठवणाऱ्या जातींचं मुख्य माहेर आफ्रिका आणि मादागास्कर. दोन्हीकडे ऊन तेच, पाण्याची टंचाई तीच, त्यामुळे दोन वेगळ्या घराण्यांतली झाडं हळूहळू एकसारखी दिसू लागली. ओळखायची खूण सोपी आहे. कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीकशा गादीतून निघतात, युफोर्बियाच्या काट्याखाली ती गादी नसते. तरीही शंका राहिलीच तर टाचणी टोचायची. दुधासारखा पांढरा चीक आला की बहुधा युफोर्बिया. नाताळात दुकानांबाहेर ठेवतात ते लालभडक पॉइन्सेटियाही याच कुळातलं, आणि पावसाळ्यात फरशीच्या फटीतून उगवणारी, आपण चप्पल घालून तुडवतो ती नायटीसुद्धा.

या नादाची सुरुवात झाली जानेवारीत, पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात. गेले होते शेवंती बघायला. बाहेरच्या एका स्टॉलवर एक झाड दिसलं. खाली जाड हिरवा दांडा आणि त्यावर समुद्रातल्या पोवळ्यासारखा वळ्यावळ्यांचा पंखा. फिक्कट हिरवा, कडेला गुलाबी. कुणी इरकलीच्या काठाला घट्ट चुण्या घालून उभा केलाय असं वाटावं. पाटी होती, 'कोरल कॅक्टस, रेअर'. साडेसहाशे रुपये. त्या पाटीवरचे 'कॅक्टस' आणि 'रेअर' हे दोन्ही शब्द चुकीचे होते हे मला पुढे कळलं, पण तोवर मी ते झाड मांडीवर घेऊन रिक्षात बसले होते.

एक झाड आणलं की त्याला सोबत लागते. सोबत म्हणून आली ती युफोर्बिया ओबेसा. ओबेसा म्हणजे लठ्ठ, आणि नाव अगदी सार्थ आहे. पान नाही, फांदी नाही, काटा नाही. चेंडूएवढा राखी-हिरवा गोळा, त्याला आठ धारा, धारेवर दोरा ओवल्यासारखे टिपके आणि सगळ्या अंगावर जांभळट चौकडा. दक्षिण आफ्रिकेच्या कारू नावाच्या उजाड मुलखातलं हे झाड. 1903 साली हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन छापलं आणि जगभरच्या हौशी लोकांची त्यावर अशी धाड पडली की मूळ गावी ते जवळपास दिसेनासं झालं. पुढे कायद्यानं संरक्षण मिळालं. आज आपल्या हातात येतात ती बियांपासून वाढवलेली, रोपवाटिकेत जन्मलेली.

ओबेसात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं. फूल येईपर्यंत कळत नाही, आणि फूल यायला चार-पाच वर्षं लागतात. माझ्याकडे चार गोळे होते. एका उन्हाळ्यात चौघांच्याही डोक्यावर मोहरीएवढ्या कळ्या आल्या, भिंग लावून बघते तर चौघांवरही पिवळी धूळ. चारही मुलगे.

मग स्थळं बघणं आलं. नाशिकच्या एका गृहस्थांकडे एक मादी आहे असं कळलं. फोनवर बोलणी झाली. त्यांचं म्हणणं, मुलीला प्रवास झेपणार नाही, नुकतीच कुंडी बदलली आहे. तेव्हा मुलाकडची बाजू असूनही आम्हीच निघालो. चौघांतला अंगानं बरा असलेला एक निवडला, बुटांच्या खोक्यात वर्तमानपत्र कोंबून बसवला आणि शिवाजीनगरहून एसटी पकडली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय आहे हो त्यात?" खरं सांगायचा धीर झाला नाही. "पेढे" म्हणाले. नाशिकच्या गृहस्थांनी रंगवायच्या बारीक कुंचल्यानं परागकण उचलले आणि मादीच्या फुलांवर टेकवले. कार्य पाच मिनिटांत उरकलं. मग पोहे झाले. ठरलं असं की बिया निम्म्या-निम्म्या.

बियांचं प्रकरण आणखी निराळं. ओबेसाचं फळ तीन कप्प्यांचं, कप्प्यात एकेक बी. पिकलं की ते फटकन फुटतं आणि बी लांब उडवून देतं. जंगलात ते ठीक, दिवाणखान्यात तिचा शोध घेणं म्हणजे सोफा सरकवणं आलं. म्हणून जाणकार फळांवर जाळी बांधतात. आमच्या व्याह्यांनी चहाची गाळणी उपडी घातली होती. दीड-दोन महिन्यांनी त्यांचा सकाळी सहाला फोन आला, "रात्री गाळणीत टकटक आवाज आला! तीन फुटली!" सगळी मिळून अठरा बिया निघाल्या. नऊ कुरियरनं आल्या, मिरीपेक्षा लहान, करड्या. मी पेरल्या, सात उगवल्या. आज त्या हरभऱ्याएवढ्या आहेत आणि त्यांच्या अंगावर चौकडा उमटू लागला आहे. यातले मुलगे किती आणि मुली किती हे कळायला मला साठी गाठावी लागेल.

बाकीची कहाणी इतकी सुखाची नाही. पुण्यातला पावसाळा या मंडळींना मानवत नाही. माती म्हणून यांना देतात ते मातीपेक्षा खडेच जास्त असतात. विटांचा चुरा, जाड वाळू आणि कोळशाचे जळके खडे, ज्याला झाडवाले सिंडर म्हणतात. एवढं करूनही जुलैत चार दिवस सूर्य दिसला नाही की बुडाशी बोट दाबून बघायचं. घट्ट लागलं तर वाचलं. पिकल्या टोमॅटोसारखं दबलं तर मूळकूज. मग कुजका भाग पार निघेपर्यंत कापत जायचं, चीक वाहायचा थांबेपर्यंत पाण्यात धरायचं आणि दालचिनीची पूड लावून आठवडाभर सुकत ठेवायचं. घरभर शिऱ्यासारखा वास सुटतो आणि आपण मात्र सुतकात. पिठ्या ढेकणाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तो विषय निघाला की माझी भाषा बिघडते.

अशाच एका कापाकापीत माझ्या उजव्या डोळ्यात चीक गेला. गेला म्हणजे चष्मा सारायला मनगट वर नेलं, तेवढंच. पहिलं मिनिट काही नाही, मग डोळ्यात तिखट भरल्यासारखं झालं. नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुतला आणि तसाच मिटून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

"काय गेलं डोळ्यात?"

"युफोर्बिया ट्रिगोनाचा लॅटेक्स."

"म्हणजे काय?"

"निवडुंगाचा चीक."

"मग तसं सांगा ना," ते म्हणाले आणि थेंब लिहून दिले. तीन दिवस उजेड सहन होत नव्हता. त्या तीन दिवसांत अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या मला आजी आठवली. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे. तिथे शेताला शेराची नाहीतर निवडुंगाची वई, म्हणजे कुंपण, असायची. शेर म्हणजे नुसत्या हिरव्या काड्यांचं झाड, काडी मोडली की दूध ठिबकतं. "शेराला हात लावू नगा, डोळं जात्याल," हे आजीचं वाक्य आम्ही सुट्टीत रोज एकदा तरी ऐकायचो. शेर हा युफोर्बिया तिरुकल्ली. वईवरचा निवडुंग युफोर्बिया नेरिफोलिया. मी पुण्यात आंतरराष्ट्रीय छंद जोपासत होते आणि त्याची सुरक्षाविषयक सूचना मला वयाच्या सातव्या वर्षीच मिळालेली होती.

या चिकाची कीर्ती जुनी आहे. नेरिफोलियाला संस्कृतात स्नुही म्हणतात, आणि जहाल रेचकांत चरकानं तिला पहिलं स्थान दिलं आहे. भगंदरावर क्षारसूत्र बांधतात त्या दोऱ्याला एकवीस लेप असतात. आधी अकरा नुसत्या स्नुहीच्या चिकाचे, मग सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. बंगालमध्ये हेच झाड मनसादेवी म्हणून पुजतात. युफोर्बिया हे नावही एका वैद्याचं. प्राचीन मॉरिटानियाचा, म्हणजे आजच्या मोरोक्कोच्या बाजूचा, राजा दुसरा जुबा याचा युफोर्बोस नावाचा वैद्य होता. राजाला अ‍ॅटलास पर्वतात एक चिकाळ झाड सापडलं आणि त्यानं त्याला वैद्याचं नाव दिलं. त्या मोरोक्कोतल्या झाडाच्या चिकातलं एक द्रव्य मिरचीतल्या तिखटापेक्षा शेकडो पटींनी जहाल भरतं. वैद्यबुवांना हा सन्मान वाटला की टोमणा, कोण जाणे. आपल्या पुण्यात तर खुद्द विठोबाच निवडुंग्या आहे. नाना पेठेत, जिथे तुकोबांची पालखी उतरते तिथला. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. जाळी नेमकी कोणत्या निवडुंगाची होती, ही शंका माझ्यासारखीलाच येते, बाकी सगळे नमस्कार करून पुढे जातात.

डोळा बरा झाल्यावर मी जरा वाचायला बसले. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावर साइट्स नावाचा करार आहे. रसाळ युफोर्बिया त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. मादागास्करच्या काही बुटक्या जाती तर पहिल्यात, म्हणजे रानातून उचललेल्यांचा धंदा बंदच. ती यादी मी आपल्याकडे कायकाय नाही या हिशेबानं वाचत होते, आणि एका तळटीपेशी थबकले. तिथे सवलत दिली होती कलम केलेल्या शोभिवंत युफोर्बिया लॅक्टियाला, आणि कलम कशावर केलेलं? नेरिफोलियाच्या खुंटावर. तीन वेळा वाचलं. माझा साडेसहाशेचा कोरल कॅक्टस म्हणजे वरचा पंखा लॅक्टियाचा, आणि त्याला डोक्यावर घेऊन उभा असलेला जाड हिरवा दांडा आमच्या वईचा निवडुंग. जगभर जिथे जिथे हे झाड विकलं जातं तिथे बहुधा हाच खालच्या मजल्यावर उभा असतो, आणि पाटीवर त्याचं नाव नसतं.

खरी दुर्मिळ म्हणावी अशी युफोर्बिया मी पाहिली ती कुंडीत नव्हे. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी खंडाळ्याच्या बाजूला डोंगरावर गेलो होतो. गवत वाळून गेलेलं, पायाखाली भाजकी जमीन. सोबतच्या एकानं "थांबा, पाय जपून" म्हणून हात आडवा धरला. जमिनीला चिकटून बोटभर उंचीची लालसर फुलं. पान एकही नाही. युफोर्बिया खंडालेन्सिस. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवणारे फादर ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी तिला खंडाळ्याचं नाव दिलं. ती महाराष्ट्राबाहेर सापडत नाही. जमिनीखाली कंद असतो, कोरड्या दिवसांत आधी फुलून घेते, पानं मागाहून काढते. पाचगणीच्या नावाचीही अशीच एक बहीण आहे. मी गुडघ्यावर बसून भिंगानं ते फूल पाहिलं. फूल कसलं, एकत्र कुटुंब असतं ते. एका पेल्यात मध्ये एकच मादीफूल, भोवती एकेका पुंकेसराची नरफुलं, कडेला मधाच्या ग्रंथी. पिशवीत खुरपं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण माझा हात खुरप्यापर्यंत गेला होता. तो मागे आला तो सद्‌बुद्धीनं नव्हे, सोबतचे बघत होते म्हणून.

गेल्या पावसाळ्यात माझ्या कोरल कॅक्टसचा पंखा गेला. कूज वरून आली, गुलाबी कड काळी पडली आणि आठ दिवसांत सगळ्या चुण्या भिजल्या पापडासारख्या खाली बसल्या. मी कापून टाकला. दांडा टणक होता, तो फेकायला हात होईना, म्हणून कुंडी कठड्याच्या टोकाला सरकवून विसरून गेले. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर त्या दांड्याच्या शेंड्याला आणि धारांवर हिरवे कोंब आले, दिवाळीपर्यंत बोटभर लांबीची जाडसर पानं.

दिवाळीला गावाकडून आत्या आली. गुडघे दुखतात म्हणून ती कुठे फिरत नाही, पण गॅलरीत खुर्ची टाकून बसली. सातही ओबेसांवरून तिची नजर अशी गेली की जणू ते कुणाचे हरवलेले गोट्यांचे डबे असावेत. मग टोकाच्या कुंडीशी थांबली.

"आगं, ह्यो वईचा निवडुंग न्हवं का?"

"हो आत्या."

"कुंडीत?" ती मनापासून हसली. "आन् पानी घालतीस व्हय त्येला?"

"थोडंसं."

"आमी जल्मात घाटलं न्हाई." तिनं एक पान बोटांनी दाबून बघितलं, जसं बाजारात वांगं बघतात. "केवढ्याला घेतलास?"

साडेसहाशे हा आकडा माझ्या तोंडातून बाहेर पडेना. "साठ," मी म्हणाले.

"साठ रुपय!" आत्यानं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "औंदा ये गावाला. येताना टेंपो घिऊन ये."