नळीशी काटकोन

मिरज, रविवार रात्र

आज लाकूड कातायच्या लेथचं बटणही दाबलं नाही. दिवसभर फक्त लाकडी पेनांचे ठोकळे तयार केले, आणि तरी अर्ध्याहून जास्त पेन झालं असंच मी धरतो.

लाकडं दोन होती. सतारीच्या कारखान्यातल्या चाचांनी दांडीच्या कामातून उरलेले तूनचे तुकडे दिले होते. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्याच लाकडाचा तुकडा आपल्या हातात आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. दुसरी बाभूळ, मोडीत निघालेल्या बैलगाडीच्या चाकातली. तून हलकं, तांबूस, मऊ. बाभूळ जड आणि कडक, भोक पाडताना ड्रिलचं बिट तापलं की चिरते. म्हणून तिच्यात ७ मिमीचं बिट थोडं आत गेलं की बाहेर काढायचं, भुसा झटकायचा, परत घालायचं. बिट पलीकडे निघताना टवका उडतो, त्यामुळे ठोकळा आधीच थोडा लांब ठेवायचा आणि ते टोक मागाहून कापून टाकायचं. भोकात चिकटवायची जी पितळी नळी, तिच्यापेक्षा लाकूड दोन्हीकडे दीडेक मिलिमीटर जास्त राहिलं की पुरे.

दुपारी लेक शेजारी येऊन बसली. गुण्या लावून बघितला आणि म्हणाली, "पप्पा, चारी बाजू काटकोनात हायत की. मग परत काय घासताय?"

प्रश्न रास्त होता. पण बाहेरचे चारी कोपरे लेथवर कातून जाणारच आहेत. त्यांचा उपयोग ठोकळा शिकंजात सरळ बसण्यापुरता. पेनात शेवटी उरते ती आतली नळी, आणि भोक कितीही जपून पाडलं तरी केसभर कलतंच. तेव्हा ठोकळ्याचं तोंड नळीशी काटकोनात हवं, बाहेरच्या बाजूशी नव्हे. तिला वहीत आकडा मांडून दाखवला: १० मिमी रुंद तोंड एका अंशाने कललं तर एका कडेला साधारण ०.१७ मिमी फट पडते. पेनाचं पितळी कडं आणि लाकूड यांच्यात तेवढी फट बोटाला लगेच कळते. शिवाय कललेलं तोंड बुशवर, म्हणजे ठोकळ्याच्या टोकाला लागणाऱ्या धातूच्या कड्यावर, नीट टेकत नाही. ठोकळा लेथवर धरणाऱ्या दांड्याचं, म्हणजे मँड्रेलचं, नट आवळलं की ताण एकाच कडेवर येतो आणि लाकूड तिथेच तडकतं.

हे तोंड ट्रिमरने होतं. त्याचा दांडा नळीत जातो आणि पातं दांड्याशी काटकोनात फिरतं. मात्र नळीत डिंकाचा कण जरी राहिला तरी दांडा तिरका बसतो, म्हणून आधी आतून खरवडून घ्यायचं. मी ट्रिमर हातानेच फिरवतो. नळीचा पितळी काठ पूर्ण गोल चकाकला की तिथेच थांबायचं. त्यापुढे नळीच आखूड होते, आणि मग रिफिल पुरती आत जात नाही. तूनच्या कडेचे तंतू उपटतात, तर तिथे पातळ सुपरग्लू जिरवून, वाळवून मगच पातं लावलं. पातं बोथट असेल तर बाभळीतही तेच होतं. धार हा विषय मला फार गंभीर वाटतो, पण तो पुन्हा कधीतरी.

नळ्या चिकटवायला मात्र पावसाळ्यात सुपरग्लू नको. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. नळी अर्ध्यात असतानाच धरली तर ठोकळा गेला. काचपेपरने नळ्या खरखरीत करून एपॉक्सीच लावलं, नळीच्या तोंडात मेण भरून. आणि भोक पाडल्यावर फार थांबलो नाही, कारण लाकूड सुकताना आक्रसतं आणि गोल भोक लांबट होतं.

बाभळीचे चार ठोकळे मागे ठेवलेत. अजून दमट वाटतात. प्रत्येकावर आजचं वजन पेन्सिलीने लिहिलंय, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोलणार. वजन उतरायचं थांबेपर्यंत त्यांना बिट लावणार नाही.