संक्रांतीचा पतंग: सगळी मदार कन्नीवर

गच्चीवर एखादा पतंग वर न जाता नुसता भोवऱ्यासारखा गरगरत राहिला की लोक वाऱ्याला नाहीतर पतंगवाल्याला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा कन्नीचा, म्हणजे पतंगाला बांधून उडवायचा दोरा जिला जोडतात त्या दोरीचा असतो. भोगीच्या संध्याकाळी निवांत बसून कन्न्या बांधल्या, तर दुसऱ्या दिवशीचा अर्धा मनस्ताप वाचतो.

आधी पतंग पारखून घ्या. उजेडासमोर धरला की कागदाला पडलेली भोकं दिसतात. उभी काडी सरळ हवी आणि तिच्यावर गाठीचा फुगवटा नको. आडवी कामटी दोन्ही बाजूंना सारखीच वाकायला हवी. एक बाजू नरम असेल तर वाऱ्यात ती जास्त मागे जाते आणि पतंग त्याच अंगाला ओढला जातो. मग उभ्या काडीची दोन टोकं दोन बोटांवर टेकवून पतंग आडवा धरा. जो पंख खाली जातो तो जड. विरुद्ध पंखाच्या टोकाला, कामटीवर, दोऱ्याचे चार-पाच वेढे द्या किंवा कागदाची बारीक पट्टी गुंडाळा. तोल लगेच साधतो.

कन्नीला साधा सुती दोरा दुहेरी करून घ्यावा. कामटी आणि काडी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे समोरासमोरच्या दोन कोनांत उदबत्तीच्या टोकाने दोन भोकं पाडा. तिरपी अशासाठी की दोरा दोन्ही काड्यांना मिळून कवेत घेतो. काडीच्या डाव्या-उजव्या बाजूला सरळ भोकं पाडली तर दोरा फक्त उभी काडी पकडतो आणि जोराच्या वाऱ्यात कामटी सुटी पडते. खालची दोन भोकं शेपटाच्या तिकोन्याच्या वर दोन-तीन बोटांवर, काडीच्या दोन्ही बाजूंना. कागद फाटू नये म्हणून भोकांच्या जागी आधी चिकटपट्टीचा तुकडा लावलेला बरा. काड्या पतंगाच्या मागच्या अंगाला आणि कन्नी पुढच्या गुळगुळीत अंगाला आली पाहिजे, म्हणजे वारा कागदाला काड्यांवर दाबून धरतो. उलटी बांधली तर कागद काड्यांपासून सुटायला बघतो.

आता मापाचं. कन्नीचा वरच्या भोकांतून येणारा वरचा आणि खालच्या भोकांतून येणारा खालचा पदर एकत्र ताणून बघा. नवख्या हातासाठी खालचा पदर अर्ध्या ते एका बोटाने लांब ठेवावा. असा पतंग शांत उभा राहतो, चुका पोटात घालतो. दोन्ही पदर सारखे ठेवले की तो चपळ होतो, जरा ढिलाई मिळताच वळतो. पेच लढवणाऱ्यांना तोच लागतो, लहान मुलाच्या हाती तो देऊ नये.

उडवून बघितल्यावर दुरुस्ती करायची ती अशी. पतंग आपोआप गिरक्या घेतो आणि थांबतच नाही, किंवा वाऱ्याला छाती लावून नुसता मागे रेटला जातो आणि चढत नाही, तर वरचा पदर तोकडा करा. चढतो पण वळायचं नाव घेत नाही, तर खालचा पदर तोकडा करा. कन्नी सोडून पुन्हा बांधायची गरज नसते. त्या पदरात एक बारीक गाठ मारली की तो काही मिलिमीटर आखडतो, आणि बहुधा तेवढंच पुरतं. दोन गाठी मारूनही फरक पडला नाही तर दोष कामटीत आहे. तो पतंग बाजूला ठेवा, त्याच्याशी झटण्यात वेळ जातो.

वाऱ्याची वेळ गावागावानुसार बदलते. सकाळी हवा पडलेली असते, ऊन तापल्यावर वारा सुटतो. मुंबई-कोकणात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि दुपारी उलटा फिरतो, म्हणून सकाळी धरलेला गच्चीचा कोपरा दुपारी कामाचा राहत नाही. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहू नका, तिथे वारा भोवरे खातो. सोबत्याला वारा वाहत जातो त्या दिशेने पंचवीस-तीस फूट पुढे पाठवा. त्याने पतंग कामटीच्या दोन्ही टोकांना धरून नाक वर ठेवावं आणि नुसता सोडावा, वर भिरकावू नये. दोरा हाताहाताने खेचत घराच्या उंचीपलीकडे पतंग बदवला की वाऱ्याचा स्थिर पट्टा लागतो.

वळवण्याचं गणित एकदा कळलं की हात आपोआप चालतो. दोरा ताणला की कामटी मागे वाकते, पतंग स्थिर होतो आणि नाक जिकडे तिकडे सरळ जातो. दोरा सैल सोडला की कामटी सरळ होते, पतंग चपटा पडतो आणि फिरू लागतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की त्याच क्षणी खेच. उशीर झाला तर नाक खाली येतं आणि तुम्ही स्वतःच त्याला जमिनीकडे ओढत असता. गोता खाणाऱ्या पतंगाला घाबरून खेचू नये, ढील द्यावी.

पेचात दोनच डाव, ढील आणि खेच. दोन्हींत तत्त्व एक: आपला दोरा सतत सरकता हवा. जो थांबला त्याचा दोरा एकाच जागी घासला जातो आणि पतंग गुल होतो. म्हणून फिरकी धरणाऱ्याचं काम फार मोलाचं आहे. त्याने दांडे तळहातात सैल धरावेत. मुठी आवळल्या की ऐन ढिलीत दोरा अडतो. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतात आणि तिथे फिरकीऐवजी आसारी (दोरा गुंडाळायचं तिथलं साधन) वापरतात. तिथल्या लोकांचा हात बघण्यासारखा असतो. खेचीत सुटा दोरा पायाशी पडतो, त्यावरून कुणी चाललं की गुंता झालाच. तर्जनीच्या मधल्या पेरावर औषधी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले की बोट कापत नाही.

दोरा सुतीच घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तो तुटत नाही, कुजत नाही, म्हणून झाडावर अडकलेला तुकडा महिनोन् महिने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे चिरत राहतो. दुकानदार ‘चायनीज’ किंवा ‘मोनो’ म्हणून पुढे करतो तो हाच. ओळखायला टोक जाळा: सुती दोऱ्याची राख होते, नायलॉन वितळून त्याचा टणक मणी बनतो. सुतीवर काचेचा थर नसेल तर फारच उत्तम. सगळ्या गच्चीने साधा दोरा वापरायचं ठरवलं तर पेच लांबतात, आणि लांबलेल्या पेचाची मजा काही औरच असते.

पक्षी पहाटे घरट्यातून निघतात आणि सांजेला परततात. त्या दोन वेळा पतंग उतरवलेला असावा. विजेच्या तारेत पतंग अडकला तर दोरा तिथेच तोडून सोडून द्या, ओढू नका, काठीनेही काढू नका. उतरताना गच्चीवर, अंगणात पडलेला सगळा दोरा गोळा करून कात्रीने बोटभर तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका. अखंड गुंडा टाकला तर त्यात कुत्र्या-मांजरांचे पाय अडकतात.