चार मेणबत्त्या, चार उंची

नागपूर, शनिवार, २८ नोव्हेंबर

उद्यापासून आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त लावायची; मधली पांढरी नाताळच्या आदल्या रात्री. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला. म्हणून तो २७ नोव्हेंबरच्या आधी येत नाही आणि ३ डिसेंबरच्या पुढे जात नाही. यंदा २९ ला आलाय. १९७० सालीही २९ लाच होता, आणि त्याच रविवारी इथं नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तारीख पुष्कळांना पाठ असते, पण तो आगमनकाळाचा पहिला दिवस होता हे क्वचितच कोणाच्या लक्षात येतं.

आजचं काम मेणबत्त्या तपासायचं. गेल्या वर्षीच्या माळ्यावर राहिल्या असतील तर मे महिन्यानं त्यांची कंबर वाकवलेली असणार. पत्र्याखालच्या उन्हात पॅराफिन वितळलं नाही तरी मऊ पडतं आणि स्वतःच्याच वजनानं वाकतं. फेकायची गरज नाही. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायची आणि ओट्यावर सपाट फळीखाली हलक्या हातानं लाटायची, सरळ होते. वात मात्र मधोमध आहे ना ते बघायचं. कडेला सरकली असेल तर ती मेणबत्ती एकाच बाजूनं गळणार, तिला कोपऱ्यातच राहू द्यावं.

रंग: तीन जांभळ्या, एक गुलाबी, मधोमध ठेवायची एक पांढरी. सीताबर्डीत, इतवारीत दिवाळीनंतरही लाल-पिवळ्या हव्या तितक्या मिळतात, जांभळीसाठी मात्र फिरावं लागतं. पांढऱ्या मेणबत्तीला बुडाशी जांभळी फीत बांधली तरी चालतं, आणि ते काही कमीपणाचं नाही. फीत अगदी खाली, थेट कड्याच्या पानांत हवी. वर बांधली तर ज्योत चौथ्या आठवड्यापर्यंत तिच्याजवळ पोचते. घरी रंगवायचं तर मेण थेट गॅसवर नाही, पाण्याच्या भांड्यात उंच डबा ठेवून वितळवायचं, त्यात जांभळे मेणखडू किसून टाकायचे आणि मेणबत्ती दोन-तीन सेकंद बुडवून वर काढायची. थंड झाली की पुन्हा. तीन वेळांत रंग बसतो. खाण्याचा रंग मेणात विरघळत नाही, तळाशी ठिपके धरून बसतो. सगळी मेणबत्तीच खडूच्या मेणाची ओतू नये, खडूतल्या रंगद्रव्यानं वात तुंबते आणि ज्योत बारीक होत विझते. वरच्या थराला ते चालून जातं.

रविवार, २९ नोव्हेंबर

पहिली जांभळी. एकच.

ही पद्धत काही फार प्राचीन नाही. १८३९ साली हॅम्बुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न या पाळकानं आपल्या राउहेस हाउस या गरीब मुलांच्या आश्रमात गाडीचं जुनं चाक टांगलं. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? म्हणून चाकावर रविवारच्या मोठ्या पांढऱ्या चार आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल वीस. त्या वर्षी आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू झाला, त्यामुळे हिशेब बरोबर चोवीसचा बसला. पुढं रोजच्या छोट्या मेणबत्त्या गळाल्या, चार उरल्या, आणि विसाव्या शतकात कॅथलिक चर्चमध्ये हे कडं आल्यावर त्यांना वेदीच्या वस्त्रांचे जांभळा-गुलाबी रंग लागले. काही मंडळ्यांत चारही लाल असतात, काहींत निळ्या. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद घालावा तर उंचीवरून. काही ठिकाणी दर रविवारी अर्धवट जळालेली काढून नवी लावतात, चारही एकसारख्या दिसाव्यात म्हणून. फोटो छान येतो आणि कड्यातला अर्थ निघून जातो. पहिली सगळ्यात बुटकी आणि चौथी जवळजवळ नवी, हा उतार म्हणजेच किती वाट पाहिली त्याचं माप.

घरी रोज संध्याकाळी प्रार्थनेला लावणाऱ्यांनी आजच हिशेब करावा. दोन-सव्वादोन सेंटीमीटर जाडीची उंच मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटीमीटर जळते. रोज पंधरा मिनिटं धरली, तर २४ डिसेंबरपर्यंत पहिलीचे २६ दिवस म्हणजे साडेसहा तास होतात. पंचवीस सेंटीमीटरची असेल तर नऊ उरेल, दुसरी तेराच्या आसपास, तिसरी साडेसतरा, चौथी बावीस. अर्धा तास ठेवायची म्हटली तर पहिली १८ डिसेंबरलाच संपते. दुकानातली साधी बारीक मेणबत्ती याहून भराभर जाते; बाजूला पेन्सिलीनं दोन सेंटीमीटरवर खूण करून एकदा घड्याळ लावून बघावं, अंदाजावर जाऊ नये.

बुधवार, २ डिसेंबर

पानं. इथली हवा या दिवसांत इतकी कोरडी असते की अशोकाची पानं चार दिवसांत कडा वळवतात. मोरपंखीच्या फांद्या त्यापेक्षा टिकतात. आदल्या संध्याकाळी कापून रात्रभर बादलीत उभ्या ठेवल्या तर आणखी. कड्यासाठी बुरडाकडून बांबूचं रिंगण करून घ्यावं, घरासाठी चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर व्यासाचं पुरे. ते मिळालं नाही तर परातीत वाळू घालून त्यात मेणबत्त्या रोवायच्या. खरं म्हणजे परातच बरी, मेण गळलं तरी वाळूत गळतं आणि मेणबत्ती कलंडत नाही. पानं सुकली की ती शोभा नसते, सरपण असतं. शनिवारी बदलायची, ज्योतीपासून हाताची चार बोटं तरी खाली ठेवायची. पाणी शिंपडताना वात भिजली तर ज्योत तडतडते, म्हणून आधी वातीवर वाटी पालथी घालायची. प्लास्टिकची पानं वापरूच नयेत.

पंख्याबद्दल: डिसेंबरात घरचे बंद असतात, चर्चमध्ये मात्र गर्दी झाली की कोणीतरी बटण दाबतंच. वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते, तिकडची कड आधी वितळते आणि मेण ओघळतं. मेणबत्तीला दोष देण्याआधी वर बघावं. वात लांब असली तरी काजळी धरते. लावण्यापूर्वी ती पाव इंच ठेवून कातरायची.

फुंकर मारून दिवा मालवायचा नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. इथं त्याला आणखी एक कारण आहे: पातळ मेण पानांवर आणि वेदीच्या वस्त्रावर उडतं. लांब दांड्याची टोपी नसेल तर वाकवलेल्या तारेनं वात क्षणभर वितळलेल्या मेणात बुडवून पुन्हा सरळ करायची. धूर होत नाही आणि मेण प्यायलेली वात दुसऱ्या दिवशी पटकन पेटते.

रविवार, १३ डिसेंबर

गुलाबी. आधी पहिली, मग दुसरी, मग ही. दर आठवड्याला सुरुवात पहिलीपासूनच. तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते, चौथ्याची नाही; घाईत ही अदलाबदल बऱ्याच ठिकाणी होते. या रविवारचं लॅटिन नाव गाउदेते, म्हणजे आनंद करा, फिलिप्पैकरांस पत्र ४:४ मधलं. उपवासाच्या जांभळ्यात मधेच जरा उजळ रंग. लावायला काडेपेटीची काडी नको, तिसरीपर्यंत जाता जाता बोट भाजतं. एक लांब बारीक मेणबत्ती आधी पेटवून तिनं बाकीच्या लावाव्यात.

मेणबत्त्यांना नावं देताना संडे स्कूलच्या फलकावर तिसरी ‘मेंढपाळांची’ लिहिलेली असते. पण त्या रविवारांची बायबलमधली वाचनं पाहिली तर दुसरा आणि तिसरा रविवार दोन्ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आहेत. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, नाताळच्या रात्री येतात. आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं निदान कुठल्या वाचनाशी भांडत नाहीत. लहान मुलांना मेंढपाळ आवडतात हे खरं, आणि तिथं हट्ट धरून काय मिळणार?

शनिवार, १९ डिसेंबर

संत्र्याची मेणबत्ती, क्रिस्टिंगल: संत्र्यात रोवून मुलांच्या हातात द्यायची. हिची सुरुवात मोराव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीत १७४७ साली झाली, तेव्हा मुलांच्या हातात लाल फीत बांधलेली नुसती मेणबत्ती होती; संत्रं पुढं आलं. सध्या आंबिया बहाराची संत्री नागपुरात ढिगानं आहेत, म्हणून कार्यक्रम इथं अगदी सोपा वाटतो. सोपा नाही. आपलं संत्रं सैल सालीचं, साल आणि फोडी यांच्यात पोकळी. मेणबत्ती रोवली की साल एकीकडं आणि फोडी दुसरीकडं. मोसंबी घ्यावी, तिची साल घट्ट असते. वरच्या बाजूला दीड-दोन सेंटीमीटरची फुली कापायची, सात-आठ सेंटीमीटरचा चौकोनी फॉइलचा तुकडा त्यावर ठेवून मेणबत्ती त्यासकट आत दाबायची, म्हणजे मेण फॉइलवर थांबतं. लाल फीत मधोमध टाचणीनं. भोक आधी मोठं केलं तर सगळं व्यर्थ. मुलींच्या वेण्या मागं बांधलेल्या हव्यात आणि रांगेत दोन हातांचं अंतर हवं, हे आधीच ठरवून ठेवायचं.

गुरुवार, २४ डिसेंबर

मधली पांढरी आज रात्री. सहसा जाडजूड आणली जाते, सात-आठ सेंटीमीटरची, आणि तिथंच फसगत होते. जाड मेणबत्ती पहिल्यांदा लावली की वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचेस्तोवर विझवायची नसते, आणि त्याला व्यासाच्या दर इंचाला सुमारे एक तास लागतो. म्हणजे तीन तास. रात्रीची उपासना दीड तासाची. मग मधे विहीर पडते, पुढच्या वेळी वात त्यातच बुडते. एकतर संध्याकाळपासूनच पेटवून ठेवावी, जे आज करता येत नाही, नाहीतर पाच सेंटीमीटरचीच आणावी आणि उपासनेनंतर लोक गव्हाणीजवळ रेंगाळत असताना तीही जळू द्यावी. विहीर पडलीच तर फॉइलची टोपी कडेवर घालून मधे भोक ठेवायचं, उष्णता आत कोंडून कडा वितळतात.

६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत ही पांढरी रोज लावता येते. हिरवं कडं तितकं टिकणार नाही. ते उद्या उपासना झाली की काढून पांढरी तेवढी परातीत ठेवावी.