गंधर्व गेला कोरियाला

हॉटेलात बसल्यावर कुणी वेटरला "जरा जल आणा" म्हणत नाही. म्हटलंच, तर तो आधी आपल्याकडे बघेल आणि मग गल्ल्यावरच्या मालकाकडे. पण पोरांना पोहायला घालतो ते जलतरण तलावात, रस्ता खणला जातो तो जलवाहिनीसाठी, आणि पाण्याचं बिल वाढलं की शंका घेतली जाते ती जलमापकावर. पाणी बोलायचं, जल जोडायचं. हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो आणि तो कधी मोडतही नाही.

कोरियन शिकायला घेतलं तेव्हा तिथे हाच कारभार चाललेला दिसला. पाणी म्हणजे 'मुल'. तहान लागली की मागायचं ते मुल. पण पोहणं म्हणजे 'सुयॉंग', पूर म्हणजे 'होंगसू', विकतचं बाटलीतलं पाणी 'सेंगसू'. यातला 'सू' चिनी मुळाचा. सुयॉंग फोडला तर सू म्हणजे जल आणि यॉंग म्हणजे तरण. चक्क जलतरण! कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द असे चिनी मुळांवर उभे आहेत. म्हणजे एरवी ज्या भाषेशी आपलं सोयरसुतक नाही, तिच्यातही तत्सम शब्दांचं एक अख्खं दालन आहे, फक्त संस्कृतच्या जागी चिनी.

गंमत अशी, की ही मुळं आज कागदावर दिसत नाहीत. चिनी अक्षरांना कोरियात हान्जा म्हणतात. राजा सेजोंगने १४४३ साली हान्गुल ही स्वतःची सुटसुटीत लिपी घडवली आणि १४४६ साली जाहीर केली. दरबारातल्या पंडितांनी, छ्वे माल्ली त्यांचा म्होरक्या, अर्ज देऊन नाकं मुरडली : चिनी अक्षरं सोडून स्वतःची लिपी काढणं हे रानटी लोकांचं काम. त्यानंतरही कित्येक शतकं हान्जा टिकले, विसाव्या शतकातली वर्तमानपत्रं त्यांनी गजबजलेली असत. आता सगळं हान्गुलमध्ये. शाळेसाठी १,८०० हान्जांची यादी आहे, १९७२ साली ठरलेली, पण सोलच्या एखाद्या कॉलेजकुमाराला त्यातली पाच-पन्नास लिहून दाखव म्हटलं तर त्याला घाम फुटेल. अक्षरं गेली, आवाज राहिले.

काही हौशी लोक वह्याच्या वह्या भरून एकेक हान्जा रेघ-रेघ गिरवतात. त्यांच्या चिकाटीला नमस्कार. मला ते झेपत नाही आणि नवशिक्याला त्याची गरज आहे असं वाटतही नाही. मी एका मुळाला वहीचं एक पान देतो आणि त्या आवाजाचा शब्द कुठे कानावर पडला की तिथे टिपून ठेवतो. 'हाक' म्हणजे शिकणं. हाक्क्यो शाळा, हाकसेंग विद्यार्थी, देहाक विद्यापीठ, सुहाक गणित, मुन्हाक साहित्य. शेवटी हाक ऐकू आलं की समजायचं, कुठलं तरी शास्त्र येतंय. 'बांगहाक' हा त्यातला माझा लाडका : बांग म्हणजे सोडणं, म्हणजे शिक्षणातून सोडवणूक. अर्थ, शाळेची लांब सुट्टी. 'सुटणे' आणि 'सुट्टी' ज्यांच्या तोंडी आहे त्यांना हा शब्द पाठ करावा लागत नाही. तत्त्वज्ञानाला म्हणतात चॉलहाक. दिसतो पुरातन, पण आहे एकोणिसाव्या शतकातला. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान जपानीत आणताना निशी अमाने या विद्वानाने तो घडवला. अक्षरं चिनी, शब्द जपानी, उच्चार कोरियन. सावरकरांनी संस्कृतातून 'महापौर' उभा केला, त्याच जातीचा हा उद्योग.

सगळ्यात भरलेलं पान 'गू'चं. (मराठी माणसाने हे पान उघडताना मन घट्ट करावं.) गू म्हणजे तोंड. हान्जासुद्धा साधा, उघड्या तोंडासारखा एक चौकोन. आत जायचं तोंड ते इप्क्कू, प्रवेशद्वार. बाहेर पडायचं तोंड ते छुल्गू. सोलच्या मेट्रोत दर पावलाला हे छुल्गू आणि त्यांचे आकडे, आणि लोक एकमेकांना भेटतात तेही "तीन नंबरच्या छुल्गूपाशी" असं ठरवून. 'इन' म्हणजे माणूस, म्हणून इन्गू म्हणजे लोकसंख्या : माणसांची तोंडं मोजायची. आणि 'शिक' म्हणजे खाणं, म्हणून शिक्कू म्हणजे घरातली माणसं. खाणारी तोंडं! आपल्याकडे हा शब्दप्रयोग बहुधा कुरकुरत येतो, "एकटा कमावणारा आणि सात खाणारी तोंडं". कोरियनमध्ये तो मायेने येतो. नवी सून आली की आमच्याकडे नवं शिक्कू आलं म्हणतात, कचेरीतले एका ताटाला बसणारे सहकारीही एकमेकांना शिक्कू म्हणून घेतात. शब्द तोच, नुसता सूर बदललेला.

वार तर आपल्याला फुकटात मिळतात. चिनी परंपरेत मंगळ हा आगीचा तारा, बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा. कोरियन वार याच क्रमाने, याच ग्रहांचे : सोमवार चंद्राचा, मंगळवार आगीचा, बुधवार पाण्याचा. गुरुवारी मात्र गुरूच्या नावाने लाकूड येतं, आणि हे आमच्या शाळेतल्या काही गुरुजींना चपखल बसलं असतं.

एवढं सगळं सुरळीत चाललं असतं तर मजा काय? चिनीत सुरांच्या चढउतारांनी वेगळे राहणारे शब्द कोरियात आले आणि सूर वाटेत गळून पडले. त्यामुळे भलतीसलती अक्षरं एकाच उच्चाराखाली दाटीवाटीने राहतात. सू म्हणजे जल हे ठीक, पण सू म्हणजे हातही, सू म्हणजे संख्याही आणि सू म्हणजे मस्तकही. सुगॉन हा पाण्याचा नव्हे, हात पुसायचा टॉवेल. बाक्सू म्हणजे टाळ्या. गासू म्हणजे गायक, कारण एखाद्या कामात हात बसलेला माणूसही सूच. सुदो म्हणजे राजधानी आणि सुदो म्हणजे नळाचं पाणीही. आणि सोह्वागी! इस्पितळाच्या कोपऱ्यात लाल नळकांडं उभं असतं, त्यावर लिहिलेलं असतं 'सोह्वागी', म्हणजे आग विझवायचं यंत्र. त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर दारावर पाटी, 'सोह्वागी नेग्वा'. तिथे पोटाचे डॉक्टर बसतात, कारण पचनसंस्थाही सोह्वागीच. दोन्हींचे हान्जा वेगळे, उच्चारात काडीचा फरक नाही. कोरियन माणूस संदर्भाने लगेच समजून जातो. आपली पंचाईत अशी, की आपल्या पोटात जठराग्नी असतो, तेव्हा पोटाच्या डॉक्टरच्या दारावर अग्निशामक हे आपल्याला नको इतकं पटतं.

हान्जा ठेवावे की टाकावे हा वाद तिथे अजून अधूनमधून धुमसतो. सोलच्या मधोमध ग्वांगह्वामुन हा राजवाड्याचा दरवाजा आहे. त्यावर १९६८ सालापासून हान्गुल पाटी होती. २०१० साली ती काढून चिनी अक्षरांतली लावली, आणि २०२३ साली काळ्यावर सोनेरी अक्षरांची नवी आली, तीही चिनीच. समोरच्या चौकात राजा सेजोंगचा भलामोठा पुतळा बसलेला आहे. त्याची पाठ पाटीकडे आहे, हे एक बरं.

पण मराठी माणसाने हान्जांच्या मागे लागावं याचं माझ्या मते खरं कारण वेगळंच. बौद्ध धर्म इ. स. ३७२ मध्ये कोरियातल्या कोगुर्यो राज्यात पोचला, तो चीनमार्गे. ग्रंथ संस्कृतातून चिनीत गेलेले. पारिभाषिक शब्दांचं भाषांतर जमेना तिथे भिक्षूंनी उच्चारच चिनी अक्षरांत बसवले. त्या कामातला थोर गडी ह्युएनत्संग, जो सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्या वाटेने गेलेले आपले शब्द आज कोरियन बोलण्यात वेश पालटून हिंडतात. 'छाल्ला' म्हणजे क्षण, आणि तो 'क्षण'च आहे. चिनी तोंडातून गेल्यावर एवढाच उरला. 'नाराक' ओळखायला शब्दकोश नको. शेअर कोसळले किंवा एखाद्या यूट्यूबवाल्याची अब्रू गेली की हल्लीची पोरं म्हणतात, तो नाराकला गेला. 'आसुराजांग' म्हणजे असुरांचं रणमैदान, लग्नघरात मुहूर्ताच्या अर्ध्या तास आधी असतं ते.

आणि 'गॉन्दाल'. हा गंधर्व. देवलोकीचा गवई, सुगंधावर जगणारा, कामधाम न करता गातबजावत फिरणारा. कोरियन लोकांच्या लक्षात त्यातलं "कामधाम न करता" एवढंच राहिलं. गॉन्दाल म्हणजे आधी रिकामटेकडा, उडाणटप्पू झाला, आणि हळूहळू गल्लीतला दादा, गुंड. गुन्हेगारीवरच्या कोरियन सिनेमात काळा सूट घालून रांगेने वाकतात, ते सगळे गॉन्दाल.

पुण्यात आलेल्या एका कोरियन ओळखीच्या गृहस्थांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बालगंधर्व रंगमंदिराच्या फलकाखाली मनापासून हसत उभे होते. शब्दाचं मूळ त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग मी उत्साहाने यादीच दिली, बाल, सवाई, छोटा, कुमार. त्यांनी प्रत्येकाच्या जागी गॉन्दाल घालून बघितलं. बाकीच्यांचं काही खरं नव्हतंच, पण छोटा तर थेट मुंबईच्या गुन्हेवार्तांच्या पानावर जाऊन बसला.